दोन वर्षांची डिग्री, साडेपाच वर्षांची वही

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक हिशेबाची वही आहे. अमेरिकेला येताना मिरजेहून बाबांनी दिलेली. मी बी.कॉम., खर्च लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. त्या वहीत नर्सिंगचा हिशेब सुरू होतो तो जानेवारी २०१८ ला: ‘इंग्रजी, ४ युनिट, १८४ डॉलर’. (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप, फी त्यावरच लागते.) शेवटची नोंद जुलै २०२३ ची. कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारी कॉलेजची, नर्सिंगची असोसिएट डिग्री (पूर्ण पदवीच्या खालची) दोन वर्षांची असते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण त्या दोन वर्षांच्या उंबऱ्यापर्यंत पोचायलाच मला साडेतीन वर्षं लागली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी निम्म्या वेळा रडले नसते.

आम्ही २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आलो. मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या. शिकायला परवानगी, नोकरीला नाही. लेक अडीच वर्षांची झाल्यावर काहीतरी शिकायचं ठरवलं. मिरजेत वाढलेल्या माणसाला दवाखान्याचं अप्रूप नसतं आणि भीतीही नसते. आमच्या गल्लीतून रोज सकाळी नर्सिंगच्या मुलींचा पांढरा घोळका जायचा. तरी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, बी.कॉम. करून आता बेडपॅन उचलणार?” सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, “यात नोकरी लागते ना? मग कर.”

नोव्हेंबर २०१७ मध्ये कॉलेजच्या समुपदेशकाकडे गेले. अर्धा तास मिळाला. त्यात तिने एका कागदावर विषय लिहून दिले: इंग्रजी, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी. हे सगळे नर्सिंगच्या आधीचे. ते चांगल्या गुणांनी झाले की अर्ज, मग प्रवेश मिळाला तर दोन वर्षं. फीची बातमी चांगली होती. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो, आणि एच-फोरवाल्यांनाही रहिवासी ठरता येतं. बाहेरच्यांना हीच फी कितीतरी पट बसते. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र एच-फोरवर मिळत नाही, त्या रांगेत उभं राहण्यात वेळ घालवू नका.

खरी गंमत नावाने सुरू झाली. माझ्या बी.कॉम.मुळे सामान्य शिक्षणाचे काही विषय माफ होणार होते, पण त्यासाठी भारतातल्या विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) इथल्या मूल्यमापन संस्थेकडे बंद लिफाफ्यात पोचायला हवं. मार्कशीटवर माझं नाव आधी माहेरचं आडनाव, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात मी आणि नवरा शेजारी शेजारी, पुढे सासरचं आडनाव. इथल्या माणसाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. विवाह नोंदणीचा दाखला, त्यावर प्रतिज्ञापत्र, सगळ्याच्या नोटरी केलेल्या प्रती अशी फाइल तयार झाली. भाऊ विद्यापीठात चार वेळा जाऊन आला. चौथ्या खेपेला लिफाफा मिळाला आणि त्या शहाण्याने ‘सगळं बरोबर आहे ना ते बघतो’ म्हणून तो उघडला. शिक्का फुटला की लिफाफा बाद. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. एकूण सात महिने गेले. तेव्हा भारतात जो कुणी तुमच्यासाठी हेलपाटे घालणार असेल त्याला पहिल्याच दिवशी बजावा: लिफाफा उघडायचा नाही, त्यातून प्रेमपत्र डोकावत असलं तरी नाही.

नावावरून आणखी एक. पहिल्या दिवशी इंग्रजीच्या बाईंनी हजेरी घेताना माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली नाही, गैरहजेरी लागली. कॉलेजच्या पहिल्या अर्जात पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव लिहा आणि मग आयुष्यभर त्यालाच चिकटून राहा.

ॲनाटॉमीला जागा मिळणं हीच एक परीक्षा. नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख सगळ्यात शेवटची मिळते, तोवर वर्ग भरलेले असतात. मी प्रतीक्षायादीत एकोणिसावी होते. पहिल्या दिवशी तरीही वर्गात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. दहाएक जण आले नाहीत, तितकेच कंटाळून गेले, आणि प्राध्यापकांनी दुसऱ्या आठवड्यात मला प्रवेशाचा कोड दिला. माझ्यासारखं यादीत नाव मागे असेल तर घरी बसू नका, जाऊन उभं राहा. लाज वाटायचं काही कारण नाही, निम्मा वर्ग असाच आलेला असतो.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, पित्ताशय, श्वासपटल हे सगळं मला येत होतं, फक्त मराठीत. पहिले दोन महिने डोक्यात दुभाषी बसवल्यासारखं चाललं होतं. मग लक्षात आलं की आपल्याकडचा शब्द पुष्कळदा अवयवाचं काम सांगतो आणि ग्रीक-लॅटिन शब्दाची फोड केली की तोही बऱ्याचदा तेच सांगतो. तेव्हापासून वहीत दोन रकाने केले. हाडांच्या प्रात्यक्षिकाला टेबलांवर हाडं मांडलेली असायची, एका टेबलापाशी एक मिनिट, घंटा वाजली की पुढे. स्पेलिंग चुकलं की अर्धा गुण गेला.

आणि मांजर. हो, मांजर चिरावं लागतं. परिरक्षक द्रवात ठेवलेलं मांजर, चार जणांत एक, पूर्ण सत्रभर. आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. पहिल्या दिवशी मी हातमोजे घालून नुसती उभी होते. शेजारची व्हिएतनामी मुलगी म्हणाली, “तू नावं वाच, मी कापते.” तिसऱ्या आठवड्यात मी स्नायू वेगळे करत होते आणि ती नावं वाचत होती. घरी आल्यावर मात्र अंघोळ केल्याशिवाय लेकीला जवळ घेत नव्हते. सुतक पाळल्यासारखंच ते, आता हसू येतं.

फिजिऑलॉजीबद्दल एवढंच सांगते की तो ॲनाटॉमीपेक्षा अवघड आहे आणि त्याच सत्रात दुसरा विज्ञानाचा विषय घेऊ नये. मी घेतला नाही. ज्या मैत्रिणीने घेतला, तिला एक सोडावा लागला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये टीस ही प्रवेशपरीक्षा दिली. तेव्हा १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं होती. वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत ६२ टक्क्यांना पास धरतात, पण माझ्या कॉलेजात निवड गुणांवर होती, त्यामुळे काठावर पास होऊन उपयोग नव्हता. गणित आपल्याकडच्या सातवी-आठवीचं आहे. इंग्रजी व्याकरणाने मात्र घाम फोडला. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर इतके प्रश्न असतील असं वाटलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये पहिला अर्ज केला. मायक्रोबायोलॉजी चालू सत्रात होतं, तेही चालतं असं कळलं होतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. जिवाणू रंगवून पाहायचे ते मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपवर पाहिले, बाजूला लेक पहिलीच्या तयारीची अक्षरं गिरवत होती. मे महिन्यात ई-मेल आला: पर्यायी यादीत ४१ वा क्रमांक. त्या वर्षी जागा होत्या ३२. पर्यायी यादी दुसऱ्या वर्षी पुढे चालत नाही, पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

तो उन्हाळा वाईट गेला. त्या काळात काही एच-फोरवाल्यांना मिळणारा कामाचा परवाना रद्द होणार अशा बातम्या वर्षानुवर्षं येत होत्या, नवरा घरून काम करत होता, आणि मी पस्तिशीची होऊन ‘प्रतीक्षेत’ होते. वहीत जून ते ऑगस्टच्या पानांवर एकही नोंद नाही.

सप्टेंबरात पुन्हा त्या समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलले. प्रवेशाच्या निवडीसाठी गुण देतात त्या तक्त्याचे रकाने तिने एकेक करून दाखवले. विज्ञानातले गुण, टीसचे गुण, आरोग्यक्षेत्रातला अनुभव, आणि एक रकाना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येण्याचा. मी पहिल्या अर्जात तो मोकळा सोडला होता, मला वाटलं होतं स्पॅनिशवाल्यांसाठी असेल. ती म्हणाली, “भारतीय उपखंडातल्या भाषा यादीत आहेत की. पुरावा आहे का?” पुरावा म्हणजे दहावीचं गुणपत्रक, प्रथम भाषा मराठी. तेच गुणपत्रक, माहेरचं आडनाव आधी असलेलं! पण या वेळी फाइल तयार होती. प्रतिज्ञापत्राची प्रत जोडली आणि मराठीने मला गुण मिळवून दिले. शाळेत शुद्धलेखनासाठी छड्या खाल्ल्या त्या अशा वसूल झाल्या. तुमच्या कॉलेजची गुणपद्धत वेगळी असेल, काही ठिकाणी तर सोडतच असते, पण प्रत्येक रकाना कुणाला तरी विचारून भरा.

एप्रिल २०२१ मध्ये प्रवेशाचा ई-मेल आला. मी कणीक मळत होते. हात धुऊन पुन्हा वाचला.

त्यानंतर कागदांची दुसरी लाट येते आणि ती सगळ्यांना बेसावध गाठते, कारण मुदत दोन महिन्यांची असते आणि हेपटायटिस बीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात. लहानपणीच्या लसींचं कार्ड कुठून आणणार? आमच्या घरचं महापुरात गेलं, २००५ च्या. रक्त तपासून प्रतिपिंडं दाखवली की चालतं. गोवर आणि कांजिण्यांची निघाली, हेपटायटिसची नाही. पहिले दोन डोस दाखवून आणि तिसऱ्याची तारीख लिहून देऊन वेळ निभावली. अर्ज भरला त्याच आठवड्यात ही तपासणी करून घ्या, प्रवेशाची वाट बघू नका.

क्षयाच्या चाचणीबद्दल आपल्या लोकांना मुद्दाम सांगते. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्यामुळे कातडीत टोचून करतात ती चाचणी क्षय नसतानाही फुगून येऊ शकते. माझा हात टरारून सुजला, मग छातीचा एक्स-रे, ९० डॉलर, आणि आठवडाभर उगाच धाकधूक. रक्तावरची चाचणी बीसीजीने फसत नाही. सुरुवातीलाच ती मागून घ्या. त्याशिवाय सीपीआरचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र, पार्श्वभूमी तपासणी, लघवीची मादक द्रव्यांसाठी चाचणी, आणि एन-९५ मास्क नीट बसतो का याची परीक्षा. डोक्यावर पांढरी टोपडी घालतात आणि आत कडू फवारा मारतात. चव लागली तर मास्क गळतो. मला कारल्याच्या भाजीची आठवण आली, म्हणजे मास्क गळत होता. दुसऱ्या मापाचा बसला.

ऑगस्ट २०२१ मध्ये ३२ जण सुरू झालो. वीस वर्षांच्या पोरी, एक निवृत्त सैनिक, तीन जणी फिलिपिनो घरांतल्या ज्यांच्या आया, मावश्या सगळ्या नर्स, आणि मी.

पहिली चाळणी औषधांच्या मात्रेच्या गणिताची. ९० टक्के हवेत, तीन संधी. मी बी.कॉम., गणिताची भीती नव्हती. तरी पहिल्या खेपेला ८५ वर अडकले, कारण मी ५ मिलिलिटरच्या जागी ५.०० लिहिलं. हिशेबात तशीच सवय! पण औषधाच्या कागदावर तो टिंब पुसट झाला तर ५ चे ५०० होतात. पूर्णांकानंतर टिंब देऊन शून्य लिहायचं नाही, आणि अर्ध्याला मात्र ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही. दहा वर्षांची सवय एका आठवड्यात मोडली. वहीत मात्र अजून ५.०० च लिहिते.

निर्जंतुक हातमोज्यांच्या चाचणीत नापास झाले ते चष्म्यामुळे. सगळं नीट केलं, आणि कॅथेटर हातात घेण्याआधी सवयीने चष्मा वर सरकवला. बाईंनी काही न बोलता फक्त दरवाज्याकडे बोट दाखवलं. पुढच्या चाचणीला चष्म्याला दोरी बांधून गेले.

लेखी परीक्षेत आपल्या पाठांतराचा फार उपयोग होत नाही. चार पर्याय असतात आणि चारही बरोबर असतात, प्रश्न असतो आधी काय कराल. श्वसनमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम झोपेतही यायला हवा. त्याहून छळणारा प्रकार म्हणजे ‘लागू असतील ते सगळे निवडा’. पास व्हायला ७५ लागायचे आणि ७४.८ चे ७५ करत नव्हते. वैद्यकीय-शल्य विषयाच्या दुसऱ्या सत्रात माझी सरासरी ७६ होती. त्या सत्रात आम्ही चार जण गमावले. शेवटी उरलो २६.

क्लिनिकल म्हणजे रुग्णालयातली ड्युटी. पावणेसातला मजल्यावर हजर, म्हणजे घरातून पावणेसहाला बाहेर. लेकीची वेणी घालायला नवरा यूट्यूबवरून शिकला, पहिले दोन महिने ती शाळेत वाऱ्यावर उडाल्यासारखी जायची. माझ्या पहिल्या नर्सकडे पाच रुग्ण होते. कॅलिफोर्नियात सामान्य वॉर्डात एका नर्सला पाचपेक्षा जास्त देता येत नाहीत, तसा कायदाच आहे. मिरजेच्या माझ्या शाळामैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, “पाच? पाच खाटा की पाच वॉर्ड?”

दुसऱ्या सत्रातली एक सकाळ. खाटेवर एक पंजाबी आजी, इंग्रजी शून्य, सारखी काहीतरी सांगत होती आणि कुणाला कळत नव्हतं. मी हिंदीत विचारलं, “बीजी, दर्द कहाँ है?” तिने माझा हात असा धरला की सोडेना. मी उत्साहाने नर्सला भाषांतर करून सांगू लागले. आमच्या शिक्षिकेने बाजूला घेतलं. विद्यार्थिनीने दुभाष्याचं काम करायचं नाही, औषध, वेदना, संमती यातलं काहीही प्रमाणित दुभाष्यामार्फतच. मला फार लागलं ते. मग चाकांच्या स्टँडवर टॅबलेट आला, पलीकडची बाई पंजाबीत बोलू लागली आणि दोन मिनिटांत कळलं की मी ‘पोटात दुखतंय’ समजले ते मुळात छातीत जळजळत होतं, रात्रीपासून. आजीला माझी हिंदी समजत होती, मला तिची पंजाबी नाही. त्यानंतर मी तिच्याशी खुशाल हिंदीत बोलायचे, पण फक्त उशी, पाणी आणि नातवंडं यांच्याबद्दल.

मे २०२३ मध्ये डिग्री झाली. राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे ऑनलाइन अर्ज, बोटांच्या ठशांचं लाइव्ह स्कॅन. राज्याचे ३२ आणि एफबीआयचे १७ डॉलर, वर ठसे घेणाऱ्याची फी. दोन वर्षं सॅनिटायझर चोळून माझ्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, त्या माणसाने आधी लोशन लावायला दिलं. एनक्लेक्स या नर्सच्या परवान्यासाठीच्या परीक्षेचे २०० डॉलर वेगळे. परीक्षेच्या परवानगीपत्रावर नाव आणि ओळखपत्रावर नाव अक्षरशः एक असावं लागतं, नाहीतर दारातून परत. पत्र आलं ते पाच आठवड्यांनी. मी सगळ्यात आधी नाव तपासलं. बरोबर होतं, मी आणि नवरा शेजारी शेजारी.

एनक्लेक्सचं स्वरूप त्याच वर्षी एप्रिलपासून बदललं होतं, आता एका रुग्णाची पूर्ण हकीकत देऊन त्यावर प्रश्न विचारतात. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुमच्या उत्तरांवर पुढचा प्रश्न ठरतो आणि संगणकाची खात्री पटली की तो बंद होतो, पास असा नाहीतर नापास. तळहाताच्या शिरांचं स्कॅन करून आत सोडलं. माझा पडदा ८५ व्या प्रश्नाला काळा झाला. गाडीत येऊन डबा उघडला, दडपे पोहे होते, एकही घास गेला नाही. दोन दिवसांनी बोर्डाच्या संकेतस्थळावर परवान्याच्या यादीत माझं नाव शोधलं, रात्री ११ ला. होतं.

हिशेब सांगते, कारण सगळ्यात आधी तोच विचारतात. ७१ युनिटांचे ३,२६६ डॉलर. पुस्तकं, गणवेश, चाचण्या, पार्किंग, परीक्षा धरून एकूण आठ हजारांच्या आसपास. पाळणाघर आणि नंतर शाळा सुटल्यावरची दुपारची सोय याला त्याच्या दुपटीहून जास्त गेले, आणि ते कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात नसतं.

नोकरी लगेच लागली नाही. या भागातली मोठी रुग्णालयं बीएसएन, म्हणजे पूर्ण पदवी असलेल्यांना आधी घेतात. कामाचा परवाना तोपर्यंत हातात होता, नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यामुळे. ६३ अर्ज केले, चार मुलाखती झाल्या. नोव्हेंबरमध्ये एका पुनर्वसन केंद्रात रात्रपाळी मिळाली. बीएसएन ऑनलाइन चालू आहे, त्याचं वेगळं पान उघडलंय. आई अजून बेडपॅनचं विचारते, पण आता “जड असतं का गं?” असं विचारते.

मागच्या गणपतीत मंडळात प्रसादाच्या रांगेत एक मुलगी भेटली, अकोल्याची, तीन वर्षांपूर्वी आलेली. कुणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितलं होतं. “ताई, मलाही करायचंय. पहिल्यांदा काय करू? टीसचं पुस्तक घेऊ का?”

मी मोदकाचं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, “तुझ्या मार्कशीटवर नाव काय आहे?”